सुसंस्कृत सोसायटी

घराची जाहिरात मोबाइलवर आलेली असली तरी मेश्रामभाऊ तिची प्रिंट काढत आणि पेन्सिल घेऊन वाचत. ऑफिसात आमची टेबलं शेजारी होती आणि त्या वर्षी आम्ही दोघंही फ्लॅट शोधत होतो. मी कॅल्क्युलेटर काढून सुपर बिल्टअपमधून कार्पेट वेगळा करेपर्यंत त्यांचा निकाल लागलेला असे.

"'प्रस्तावित रस्त्यालगत', म्हणजे रस्ता नाही. 'शांत परिसर', म्हणजे ऑटोवाला येत नाही. 'मिहानपासून दहा मिनिटं'... विमानानं, जोशीजी, विमानानं!"

सगळे हसत. मला हसू येत नसे. माझं गणित कधी चुकलं नाही, तरी घरी बायको विचारी, "मेश्रामभाऊंना दाखवली का?" एकदा तर म्हणाली, "तुम्हाला फूट कळतात, त्यांना माणसं कळतात." ते वाक्य मला चार दिवस पुरलं.

म्हणून मनीषनगरचा फ्लॅट मी एकट्यानं शोधला. दुसरा मजला, दोन बेडरूम, 'सुसंस्कृत सोसायटी, लगेच ताबा'. टेप लावून प्रत्येक खोली मोजली. जाहिरातीपेक्षा चार चौरस फूट जास्तच भरले. मालकांनी आग्रहानं चहा दिला. इसार दोन दिवसांनी द्यायचा ठरला. दुसऱ्या दिवशी ती जाहिरात मी मेश्रामभाऊंपुढे ठेवली. सल्ला नको होता. एकदा तरी त्यांना हरलेलं पाहायचं होतं.

"काढा खोट," मी म्हणालो.

पेन्सिल 'सुसंस्कृत'पाशी थांबली. रेघ काही त्यांनी मारली नाही.

"खोट नाही. घेऊन टाका."

"तुम्ही पाहिलाय?"

"पाहू कुठून? परवा फोन केला होता. त्यांनी आडनाव विचारलं, मी सांगितलं. तर म्हणे, विकल्या गेला."

मालकांनी काल मलाही आडनाव विचारलं होतं. चहा त्यानंतर आला होता.

"मग मी घ्यावा का?"

"मले काहून विचारून राहिले, जोशीजी? जाहिरात तुमच्यासाठीच लिहिली हाये."

आम्ही तो फ्लॅट घेतला. त्या भावात तेवढा कार्पेट दुसरीकडे मिळत नाही, हे मी बायकोला कागदावर मांडून दाखवलं. आडनावाचं सांगितलं नाही. वास्तूला मेश्रामभाऊ भिंतीवरचं घड्याळ घेऊन आले, प्रत्येक खोली पाहून "मस्त हाये" म्हणाले आणि पोटभर जेवून गेले.

पुढे माझ्या भावाला घर हवं होतं, तेव्हा मी पुन्हा एक जाहिरात घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ती न वाचताच परत दिली.

"तुम्हाले जमते आता," म्हणाले.

रिटायर होईपर्यंत ते माझ्याशी नीटच बोलले. जाहिराती मात्र खिडकीजवळच्या टेबलावर जाऊन इतरांना वाचून दाखवत. तिकडे हशा पिकला की मी पेन खाली ठेवून कान देई. एवढ्या लांबून शब्द काही कळत नसत.