तीन जोड मोजे आणि दोन बर्फाळ डोंगर

शाळेच्या स्नो कॅम्पहून आल्यापासून आमची बारा वर्षांची इरा अशी वावरत होती, जणू बर्फ हिच्याच मालकीचा. "मलाही शिकव की स्कीइंग," म्हटलं, तर म्हणाली, "आई, प्लीज! यू'ल बी सो एम्बॅरसिंग." झालं! पेटलेच मी. एक उतार, फक्त एक उतार हिच्या शेजारून उतरून दाखवायचाच, असं ठरवून जुलैच्या, म्हणजे इथल्या हिवाळ्याच्या सुट्टीत गाडी काढली. नवरा शिफ्टला अडकला होता, म्हणजे वाचला.

आमच्या केलीव्हिलपासून डोंगरपायथ्याच्या जिंडाबाईन गावापर्यंत, थांबे धरून सात तास. कॅनबेरा मागे पडलं की रिकामा रस्ता आणि मेंढ्याच मेंढ्या. वाटेतल्या कूमा गावात बर्फासाठी चाकांना लावायच्या साखळ्या भाड्याने घ्या. साध्या गाडीत त्या ठेवणं वर डोंगरात सक्तीचं आहे. दुकानदाराने त्या कशा चढवायच्या ते दाखवलं आणि "ईझी, मेट" म्हणाला. मीही मान डोलावली. डोक्यात ओ की ठो शिरलं नव्हतं.

म्हणूनच दुसऱ्या दिवशी गाडी खाली लावून बोगद्यातल्या ट्रेनने पेरिशरच्या स्की रिसॉर्टला गेलो. अवाढव्य प्रकरण! लिफ्टचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा, आयत्या वेळी काढाल तर भर थंडीत घाम फुटेल. जेवण सोबत न्या. आमचे मेथीचे पराठे जॅकेटच्या आत मस्त उबदार राहिले.

आदल्या रात्रीच पुण्याहून माझ्या आईचा व्हिडिओ कॉल आला होता. "पायाला थंडी लागू देऊ नकोस गं. मोजे दोन-दोन घाल." मी आज्ञाधारक कन्या, तीन घातले. लोकरीचे. भाड्याच्या बुटांत पाय अक्षरशः कोंबले. तासाभरात बोटं आहेत की गेली, कळेना. इराला शाळेतली मैत्रीण भेटली आणि दोघी लिफ्टने भुर्रकन वर. मी नवशिक्यांना वर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर, चार-चार वर्षांच्या पोरांच्या रांगेत. पट्ट्यावरून उतरताना धाडकन पडले, ती नेमकी खाली आलेल्या या दोघींसमोर.

"इज दॅट युअर मम?" मैत्रिणीने विचारलं.

इराने माझ्याकडे पाहिलं, मग दुसरीकडे. "नो."

लागलं मला, आणि गुडघ्याला नाही. गॉगलच्या आत रडले, खोटं कशाला बोलू!

तिसऱ्या दिवशी मी सरळ घरचा रस्ता धरणार होते. इराच हळूच म्हणाली, "एक छोटं पण आहे ना, सेल्विन?" दीड-पावणेदोन तासांवर. मोजक्या लिफ्टा, घसरगाड्यांवर किंचाळणारी बाळं, थर्मासवाल्या आज्या. नवशिक्यांनो, इथूनच सुरुवात करा. आम्ही उलटं केलं.

तिथल्या बाकावर माझा पाय काही बुटात जाईना. इरा बघत होती. "आई, मोजे किती घातलेस?"

"तीन."

"थ्री? वन, आई! वन थिन पेअर! एव्हरीवन नोज दॅट!"

"तुझी आजी नाही नोज."

फिस्सकन हसली. मग बर्फात गुडघे टेकून बसली, दोन जोड काढून स्वतःच्या खिशात कोंबले आणि बुटाचे चाप एकेक करून लावू लागली. डेकेअरच्या दारात हिचे बूट मी असेच घालायचे. मान वर न करता म्हणाली, "काल... सॉरी."

"काल काय?" मी वेड पांघरलं.

"यू नो."

"हं. घट्ट लाव."

आणि अहो आश्चर्यम्, पाय जिवंत! दुपारपर्यंत सरावाच्या उतारावर पंधरा वेळा पडले. मग लिफ्टने दोघी वर गेलो. इरा शेजारून ओरडत होती, "गुडघे वाकव! पिझ्झा कर, आई, पिझ्झा!" म्हणजे स्कीची टोकं जवळ आणि मागची बाजू फाकवलेली. पिझ्झा केला. अख्खा उतार तिच्या शेजारून उतरले! थांबायचं तेवढं जमलं नाही. ती पुढे जाऊन फोन काढून उभी, आणि मी तिच्या समोरून थेट नारिंगी जाळीत. थर्मासवाल्या आज्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी येऊन चार दिवस झाले, जिना उतरताना अजून आई गं म्हणतेय. एक पातळ जोड पुरे, हे पुण्याला कळवलं, पटलेलं नाही. आज शाळेच्या गेटपाशी एक अनोळखी मुलगा मला बघून खुदकन हसला. इराने तो जाळीतला व्हिडिओ वर्गाच्या ग्रुपवर टाकलाय! आत्ताच्या आत्ता काढ, म्हणून तिचा फोन हिसकावला.

व्हिडिओखाली तिने लिहिलं होतं, "दॅट्स माय मम."

म्हटलं, राहू दे.