शुद्ध एकादशी ते पौर्णिमा

माझ्या लग्नाला सात वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता, आणि येत्या तुळशीच्या लग्नानंतर घरात माझी सवत येणार हे जवळजवळ ठरलं होतं. मुलगी परकी नव्हती. सासूबाईंचे भाऊ नांदगावला राहायचे, त्यांची ही थोरली. तिचा मला राग नव्हता. त्या बिचारीला तरी कोण विचारत होतं? राग होता तो सासूबाईंनी मला विचारलं त्या रीतीचा. भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "तुझी काय हरकत नाय ना?" जणू गोठ्यात दुसरी म्हैस आणायची होती.

"हरकत हाय," मी म्हटलं.

त्यांचा हात थांबला. मी तापट आहे हे त्यांना माहीत होतं, पण इतकी असेन असं वाटलं नसावं. भाकरी तव्यावर टाकून त्या म्हणाल्या, "तुळशीच्या लग्नापत्तुर वाट बघते. मग माझा इलाज नाय."

ही एकोणीसशे तीसनंतरच्या वर्षांतली गोष्ट. नाशकाच्या वेशीबाहेर नासर्डीच्या काठी आमचा फुलांचा मळा होता. घरात आम्ही तिघंच: सासूबाई, त्यांचा एकुलता एक मुलगा आणि मी. पहाटे फुलं खुडायची, पाट्या डोक्यावर घेऊन पंचवटी गाठायची, देवळं आणि नेहमीची घरं उरकून दुपारी परत यायचं, हा आमचा दिवस. नवरा कामाला वाघ आणि बोलायला गाय. आईच्या शब्दाबाहेर नव्हता, माझ्याही नव्हता, म्हणजे आमच्या दोघींचं एकमत झाल्याशिवाय त्याला काही ठरवताच यायचं नाही.

मुलासाठी मी काय केलं नव्हतं! अंगारे खाल्ले, कडू काढे प्याले, कुणाच्या तरी सांगण्यावरून सकाळी उठून औदुंबराला फेऱ्या घातल्या. पण सगळ्यात मोठा होता तो नेम. माझ्या लग्नाला वर्ष उलटलं तेव्हा सासूबाईंनी त्र्यंबकेश्वरी नवस बोलला. दर महिन्याच्या शुद्ध एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत सुनेनं एकवेळ जेवायचं, देवघराच्या उंबऱ्याशी गोणपाट टाकून निजायचं, आणि पौर्णिमेला त्र्यंबकला जाऊन कुशावर्तात आंघोळ करून यायचं. त्या पाच दिवसांत नवऱ्यानं घरात झोपायचं नाही. तो आपली घोंगडी घेऊन मळ्यातल्या खोपीत जायचा. सहा वर्षांत माझा हा नेम एकदाही चुकला नाही. तापात फणफणत असतानासुद्धा बैलगाडीत पडून त्र्यंबकला गेले. त्याचा मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला सांगू.

गावात एका दवाखान्यात पुण्याकडच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांना मोगरा फार आवडायचा, म्हणून उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे एक पुडा टाकून पुढे जायची. त्या वैशाखात मी पुडा दिला आणि दारातून हललेच नाही. म्हटलं, "बाई, मला तपासा."

त्यांनी तपासलं. अंगात रक्त कमी आहे म्हणाल्या, बाकी दोष दिसत नाही म्हणाल्या. मग बसवून प्रश्न विचारायला लागल्या. विटाळ नियमित येतो का? मी म्हटलं, अगदी. अमावास्येच्या दिवशी मी बाहेर बसते, फार तर एखादा दिवस पुढेमागे. चौथ्या दिवशी न्हाते. न्हाल्यानंतरचे दिवस गर्भ राहायला चांगले असं सगळ्या म्हाताऱ्या सांगायच्या, तेही आम्ही पाळत होतो. बाई मान हलवत लिहीत होत्या. म्हणाल्या, "ते दिवस जरा लवकर होतात. आता नवीन पुस्तकांत आलंय की पुढचा विटाळ यायच्या साधारण दोन आठवडे आधी बाईच्या पोटात बीज तयार होतं. तो दिवस आणि त्याच्या आधीचे चार-पाच दिवस, एवढाच काय तो काळ. तुझी अमावास्या, म्हणजे तो काळ पौर्णिमेच्या सुमाराला येतो. त्या दिवसांत तुम्ही दोघं एकत्र असता ना?"

मी म्हटलं, "त्या दिवसांत मी देवघरापाशी असते आणि ते खोपीत."

"दर महिन्याला?"

"दर महिन्याला. मूल व्हावं म्हणून."

बाईंनी टाक खाली ठेवला. हसतील असं मला वाटलं होतं, पण त्या हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी खात्री देत नाही. पण सहा महिने तो नेम सोडून बघ. दोन्ही वेळा पोटभर जेव. दूध, डाळी, पालेभाजी खा. मळा आहे ना तुमचा? आणि नवऱ्यालाही घेऊन ये, नेहमी दोष बाईचाच असतो असं नाही."

त्या दिवशी मोकळी पाटी घेऊन मी घरी निघाले ती रस्ताभर रडत. दुःखानं नव्हे, संतापानं. सहा वर्षं! जे दिवस हवे होते तेच आम्ही नेमके देवाला देऊन टाकले होते, आणि वर देवालाच विचारत होतो की का देत नाहीस. पूल ओलांडेपर्यंत डोळे कोरडे झाले होते. पुढचा नेम मी करणार नव्हते, एवढं ठरलं.

लपूनछपून काही करणं मला जमत नाही. दुसऱ्याच दिवशी हार ओवताना मी सासूबाईंना सगळं सांगितलं, जसं बाईंनी सांगितलं होतं तसं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला.

"देवाचा नेम मोडून लेकरू व्हतंय व्हय?" त्या म्हणाल्या. "त्या बाईला सोताला हायेत का पोरं?"

"नसतील. पण तिनं पुस्तकं वाचलीत, आत्याबाई. आणि मी सा वर्सं करून बघितलं, तुमच्याच म्हणण्यापरमानं. आता सा महिने माझ्या म्हणण्यापरमानं करा."

"आन देव कोपला तर?"

"यापेक्षा जास्ती काय कोपंल?"

त्या हार तिथेच टाकून उठल्या आणि तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मी नवऱ्याला गाठलं. तो विहिरीपाशी मोट दुरुस्त करत होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आई काय म्हनती?"

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "लेकरू आईला हवंय का तुम्हाला? दुसरी बायको आणाल, तिलाबी उंबऱ्यापाशी निजवाल, आन तुम्ही पुन्हा खोपीत! मग तिसरी आणा!" त्यानं मोटेचं कातडं बाजूला सारलं. मग म्हणाला, "दवाखान्यात कवा जायाचं?" बाईंनी त्याला तपासलं, त्याच्यात काही दोष निघाला नाही. तंबाखू सोड म्हणाल्या, ती त्यानं आठ दिवसांत सोडली. त्या आठ दिवसांत तो बैलांवरसुद्धा ओरडला.

ज्येष्ठातली शुद्ध एकादशी आली. आता घरात रण माजणार म्हणून मी पदर खोचून तयार होते. सासूबाई सकाळी उठल्या, न्हाल्या, आणि गोणपाट काढून देवघराच्या उंबऱ्याशी स्वतःच अंथरलं.

"नवस मी बोलले व्हते," त्या म्हणाल्या. "नेम मी करीन. तू खा-पी."

हा मला टोमणाच वाटला. मी दोन्ही वेळा पोटभर जेवायची आणि त्या एकवेळ, माझ्यासमोर. घास उतरायचा नाही, तरी मी उतरवला. पौर्णिमेला त्या एकट्या गाडीत बसून त्र्यंबकला गेल्या, येताना माझ्यासाठी प्रसाद आणला आणि न बोलता हातावर ठेवला. असे चार महिने गेले. दर अमावास्येला मी बाहेर बसायची तेव्हा त्या भाकरी लांबून सरकवायच्या. भाद्रपदातल्या अमावास्येला मात्र मी खचले. कोपऱ्यात बसून ढसाढसा रडले. मग डोळे पुसले आणि तिथूनच नवऱ्याला हाक मारून सांगितलं की म्हशीचं धारोष्ण दूध आजपासून बाजारात नाही, माझ्या पोटात जाईल.

दसरा आला. झेंडूच्या दिवसांत आम्हां फुलवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. पाठी मोडून गेल्या होत्या दोघांच्या. आणि दुसऱ्याच दिवशी एकादशी. नवरा म्हणाला, "या खेपंला ऱ्हाऊ दे, लय दमलीस." मी म्हटलं, "दमायला कार्तिक पडलाय."

दिवाळीची अमावास्या आली. लक्ष्मीपूजनाची तयारी मी केली, दुसऱ्या दिवशीही स्वयंपाकघरात मीच होते, भाऊबीजेलाही. सासूबाई येता-जाता माझ्याकडे बघायच्या आणि नजर फिरवायच्या. मीही काही बोलले नाही. दहा-बारा दिवस वर गेले म्हणजे काहीच नव्हे, बायकांना ठाऊक असतं.

कार्तिकी एकादशीला नांदगावचे मामा आले. दुसऱ्या दिवशी तुळशीचं लग्न, ते आटोपलं की बोलणी पक्की करायला मोकळे. सासूबाई नेहमीप्रमाणे गोणपाटावर बसल्या होत्या. मामा समोर टेकले, पाणी प्याले आणि म्हणाले, "अक्का, पोरगी तयार हाय. तारीख काढू?"

"नगं," सासूबाई म्हणाल्या.

"का? सुनेला दिवस गेले का?"

"तसं दिसतंय. पर नसले गेले तरी दुसरी आनायची नाय." मग त्या म्हणाल्या, "ह्यो नेम मला माझ्या सासूनं लावला व्हता. माझंबी अमुशालाच असायचं. आठ वर्सं केला. मग पलेग आला. देव घरात कोंडून आमी मळ्यात झोपड्या बांधून ऱ्हायलो, नेम सुटला. त्या साली ह्यो पोरगा पोटात आला."

मामा म्हणाले, "म्हंजी आठ वर्सांचं फळच की ते."

"मलाबी तसंच वाटलं," सासूबाई म्हणाल्या. "म्हनून घरी परतल्याव दुसऱ्या लेकरासाठी मी पुन्ना धरला. विटाळ जाईपत्तुर धरला."

मग त्यांनी मला पानं वाढायला सांगितलं, मामांचं आणि माझं. त्या स्वतः जेवल्या नाहीत; नेम चालूच होता. मी पुष्कळ सांगूनही तो त्यांनी आषाढापर्यंत सोडला नाही.

आषाढात मला मुलगी झाली. बारशाला बायका म्हणाल्या, सासूच्या नेमाला फळ आलं. सासूबाई हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. पण आम्ही दोघीच असलो आणि पोरगी त्यांच्या मांडीवर झोपलेली असली, की कधीकधी तिच्या केसांवरून हात फिरवत त्या म्हणायच्या, "मला आनखी तीन-चार झाली असती गं."