वरच्या मजल्यावरचा ससेमिरा

आमच्या वरच्या मजल्यावरच्या नानांनी एकदा एखादी गोष्ट धरली की ती सोडवायला ब्रह्मदेव आला असता, तरी नानांनी त्यालाच धरून बसवलं असतं. नाना बँकेतून निवृत्त झाले, बायको गेली, तरी कोलकात्यातलं डमडमचं घर सोडून गेले नाहीत. स्वतः शुद्ध शाकाहारी. पण रोज सकाळी बाजारात जाऊन मासेवाल्याला प्रत्येक माशाचं नाव विचारायचे आणि त्याला मराठी नाव पाठ करायला लावायचे. तो बिचारा नाना दिसले की मान खाली घालून खवले काढत बसायचा. लिफ्ट बंद पडली तर दुरुस्तीवाल्याला एवढे फोन, की तो म्हणे लिफ्टपेक्षा नानांना भिऊन लवकर यायचा.

माझ्यामागे मात्र त्यांनी वेगळंच लावलं होतं. माझी मुलगी सॉल्ट लेकला राहते, तिला तेव्हा नुकतं बाळ झालं होतं. मी चौथी शिकलेली, बंगाली येत नाही, एकटी कधी कुठे गेले नाही. यांना रविवारी सुट्टी, म्हणून मी रविवारची वाट बघायची. नाना रोज बेल वाजवून दारातूनच विचारत, "वहिनी, गेलात का नातीकडे?" मी मान हलवायची. "का नाही गेलात?" मी आपली रविवारचं नाव पुढे करायची.

एकदा कणीक मळता मळता माझ्या तोंडून निघून गेलं, "नाना, सोडा आता हा ससेमिरा." मला वाटलं रागावतील. ते तर खुर्ची ओढून बसले. "वहिनी, हा शब्द आला कुठून, ठाऊक आहे?" मग सांगू लागले. एक राजपुत्र वाघाला भिऊन झाडावर चढला. वर अस्वल होतं. अस्वलाने रात्रभर त्याची राखण केली आणि राजपुत्राने मात्र ते झोपल्यावर त्याला खाली ढकललं. अस्वल वाचलं, पण त्याच्या शापाने हा वेडा झाला. 'ससेमिरा, ससेमिरा' एवढंच बडबडायचा. पुढे एका शहाण्याने या चार अक्षरांनी सुरू होणारे चार श्लोक म्हटले. एकेका श्लोकाला एकेक अक्षर गळालं, आणि चारही गळाल्यावर राजपुत्र बरा झाला. "तेव्हापासून जे मागचं सुटत नाही तो ससेमिरा," नाना म्हणाले. "आता उठा, चप्पल घाला."

ऑटोच्या थांब्यापर्यंत ते आले. ऑटोवाला म्हणाला, "माशीमा, कोथाय नामबेन?" मी नानांकडे बघितलं, ते मुद्दाम आभाळाकडे बघत होते. मग कुठे उतरायचं ते मीच सांगितलं. संध्याकाळी परतले, तर नाना थांब्याजवळच्या चहाच्या टपरीवर बसलेलेच. चहावाला हात जोडून म्हणाला, "यांना घरी न्या."

आता नाना नागपूरला लेकीकडे असतात. विसरायला होतं त्यांना. सुरुवातीला फोनवर सगळ्यांची चौकशी करायचे. आधी त्या चौकशीतून मासेवाला गेला, मग लिफ्ट गेली. "नातीकडे गेलात का?" हा प्रश्न तेवढा उरला होता. दिवाळीच्या फोनवर तोही आला नाही. लेकीने फोन त्यांच्या कानाशी धरला होता, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. राजपुत्र अक्षरं गळून बरा झाला होता.

त्या दिवसापासून फोन मी करते, रोज. मला बोलायला फारसं सुचत नाही. "नाना, गच्चीत फिरून आलात का?" एवढंच विचारते. "नाही," म्हणतात. "का नाही गेलात?" म्हणते. मी कोण, हे त्यांना बहुतेक वेळा कळत नाही. परवा मात्र कुरकुरत लेकीला म्हणाले, "कोण आहे गं ही बाई? काय ससेमिरा लावलाय हिने."

तेवढा शब्द त्यांच्याकडे आहे, तोवर मी काही सोडणार नाही.