लाल दोऱ्याची चोपडी
परवा खळ शिजवताना वास आला आणि मला राहात्यातली बाजाराची एक दुपार आठवली. लढाईचे दिवस होते. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, तमाशाच्या फडात ढोलकी वाजवायचे आणि मी घरी छापखान्याची पुस्तकं शिवून खळीनं चिकटवायचे. त्या दुपारी फडाच्या मालकीणबाई दारात आल्या आणि त्यांनी बाजारात मिळालेली गाण्यांची चोपडी माझ्यापुढे टाकली. "गानी आमची अन् नाव दुसऱ्याचं! हा लाल दोरा तुझाच न्हवं?" मला तेव्हा वाचता येत नव्हतं, पण टाका माझाच होता आणि तसलाच गठ्ठा मागं गोधडीखाली होता. "ही घिऊन दुसरे फड आमची गानी म्हनत्यात. आमाला जत्रंची सुपारी मिळंना. फड मोडला तर तुझ्या मालकाची ढोलकी कोन ऐकनार?" छापखान्याचं नाव सांगितलं तर माझं काम जाणार होतं. शेवटी मी गोधडी उचलली आणि नाव सांगितलं. माझं काम गेलंच, पण चोपड्या आधीच गावोगाव पोचल्या होत्या; पुढच्या हंगामात फडही मोडला, आणि मालक बेलापूरला उसाच्या गाड्या भरायला लागले. खरं बोलल्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण पहिलाच गठ्ठा कुणाकडून तरी वाचून घ्यायला हवा होता, असं आज वाटतं.