धापूबाई आल्या नाहीत

ओतूरच्या बाजारपेठेत साळुबाईंची पिठाची गिरणी आहे. नवरा सोपान मोटार आणि पट्टा सांभाळायचा. दळण घालणं आणि गिऱ्हाइकांशी बोलणं साळुबाईंकडे. बोलायला त्या फटकळ, पण मनात काही ठेवत नसत.

शेजारी धापूबाईंचं भांड्यांचं दुकान. त्यांचे आजेसासरे राजस्थानातून आले, पण घर आता पुरतं ओतूरचंच. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गल्लीत आल्या. मधे एकदा साळुबाईंचा हात पट्ट्यात सापडला, तेव्हा धापूबाईंनीच जीप बोलावून त्यांना दवाखान्यात नेलं होतं. टाके घालून होईपर्यंत त्यांचा दुसरा हात धरून बसल्या होत्या.

दोन वर्षांपूर्वी, ऐन उन्हाळ्यात, सोपान गिरणीतच छातीत कळ येऊन गेला. सगळी गल्ली जमली. धापूबाई मात्र आल्या नाहीत. त्यांचा मुलगा हितेशही नाही. दहाव्यालाही त्यांच्या दुकानाचं शटर खालीच होतं.

पुढे एके दिवशी धापूबाई गिरणीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"साळू, मी यायला पाहिजे होतं. नाही जमलं."

"का नाय जमलं?"

"नाही जमलं, एवढंच."

"मंग आता तरी कशाला आलीस?" साळुबाईंनी पाठ फिरवली.

त्यानंतर त्या येईल त्याला सांगत सुटल्या. "माझा माणूस गेला, आन् ही गावाला फिरत व्हती. नुसतं गोड बोलायचं, बाकी काय नाय." लोक माना डोलवत. धापूबाईंच्या घरचा गव्हाचा डबा आला की साळुबाई मोटार बंद असल्याचं सांगून तो परत पाठवत. धापूबाई कुणाला एक शब्द बोलल्या नाहीत.

त्याच वर्षी दिवाळीनंतर एका दुपारी धापूबाईंची सून चेतना गिरणीत आली. गिऱ्हाईक कुणी नव्हतं.

"मावशी, काका गेले तेव्हा मी पुण्याला दवाखान्यात होते. मनाच्या आजाराच्या. खाणं, झोप सगळं सुटलं होतं. आई जरा नजरेआड झाल्या की मी ओरडायचे. गावात वेडी म्हणतील म्हणून मीच त्यांच्याकडून शब्द घेतला, कुणाला सांगायचं नाही."

साळुबाईंनी विचारलं, "आता बरी हायेस का गं?"

"गोळ्या चालू आहेत, बरी आहे. पण भिंतीपलीकडून तुमचं बोलणं ऐकू येतं. आईंना म्हटलं, सांगून टाका. तर म्हणाल्या, बोलू दे तिला, तिचं माणूस गेलंय."

साळुबाई तशाच, पिठाच्या हातांनी शेजारी गेल्या. धापूबाई ताटं रचत होत्या.

"मला एकटीला तरी सांगायचंस, धापू."

"माझं नव्हतं गं ते सांगायचं."

साळुबाई माफी मागायला आल्या होत्या, पण दारातच उभ्या राहिल्या. धापूबाईंनी स्टूल पुढे ओढलं. "बस. सोपानभाऊंना काय झालं ते मला कुणी नीट सांगितलंच नाही. सकाळी बरे होते?"

मग साळुबाईंनी पहिल्यापासून सांगितलं. सकाळी चहा गोड झाला म्हणून तो कुरकुरला होता, तिथपासून. सांगता सांगता रडू आलं. दुकानात गिऱ्हाईक आलं, तेव्हा धापूबाईंनी त्याला हातानेच नंतर ये म्हणून सांगितलं.

गल्लीत मात्र साळुबाईंना अवघड गेलं. इतके महिने ज्यांच्याजवळ बोलल्या, त्यांना आता म्हणू लागल्या, "धापूचं काय चुकलं नव्हतं. मीच उगं बोलले." का, असं कुणी विचारलं, तर सांगता येईना. चेतनाचं नाव त्यांनी घेतलं नाही.

त्यामुळे आता काही जण म्हणतात, धापूबाईंनी काहीतरी देऊन हिचं तोंड बंद केलं. साळुबाई ते ऐकून घेतात आणि दळण घालतात.