हिशोबाचं म्हणून घेतलेलं मशीन

सेलूच्या बसस्टँडसमोर वैजीनाथचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. लोकांना आता कॅसेटमध्ये नुसतं लग्न पुरत नव्हतं. नवरानवरीची नावं पडद्यावर रंगीत, गिरक्या घेत यायला पाहिजेत. ज्याचं नाव गिरकी घेत नाही त्याचं लग्न लागलं की नाही, अशी शंका घेण्यापर्यंत तालुका पोचला होता. वालूरच्या नागनाथरावांनी थोरल्या मुलीच्या लग्नाचं काम त्याला दिलं ते याच अटीवर. नावं फिरली तर वालूरच्या भावकीतली पुढची लग्नंही त्याची. नाही तर जिंतूरचा शूटिंगवाला टपलेलाच होता.

नावं फिरवायची तर कॉम्प्युटर लागतो. वैजीनाथ औरंगाबादेत एकाच्या स्टुडिओत बसून डोळ्यांनी बघून आला होता. थ्री एटी सिक्स हे जुन्या पिढीचं मशीन स्वस्त, पण त्यावर अक्षरं चिखलातून गाडी निघावी तशी सरकतात. त्याच्या पुढचं फोर एटी सिक्स खिशाला जरा जड जातं, पण नाव भिंगरीसारखं फिरतं. शिवाय लग्नसराई संपली की त्याच मशीनवर मोटारीच्या शर्यतीचा गेम लावून तासावर गिऱ्हाईक बसवता येतं. म्हणजे सगळ्यात साधं का होईना, फोर एटी सिक्स आणि रंगीत पडदा. दुकानात जाऊन एवढंच सांगायचं होतं.

ते दाजींनी सांगू दिलं नाही.

दाजी म्हणजे पेडगावचे दत्तराव, थोरल्या बहिणीचे, सुमनबाईचे, नवरे. घरात बैल घ्यायचा असो, इंजिन घ्यायचं असो की सोयरीक करायची असो, दाजी पुढं. जनावरांच्या बाजारात त्यांचा दरारा होता आणि त्यांचं शास्त्र एका ओळीचं होतं: गरज कळली की भाव चढतो. पेरणी तोंडावर आली तरी बाजारात ‘सहज आलतो’ म्हणायचं आणि हव्या त्या बैलाकडं पाठ करून उभं राहायचं.

नांदेडच्या दुकानात दिनकरराव नावाच्या दुकानदारानं सरळ विचारलं, मशीनवर काम काय करणार? वैजीनाथनं तोंड उघडलं, तेवढ्यात दाजींनी त्याच्या दंडाला चिमटा काढला.

“काई न्हाई, आडतीचा हिशोब,” दाजी म्हणाले. “सहज बघायलोत.”

दुकानदार भला माणूस. हिशोबाला फोर एटी सिक्स घेणं म्हणजे पैसा पाण्यात, असं त्यानं कळवळून सांगितलं आणि काळ्यापांढऱ्या पडद्याचं थ्री एटी सिक्स पुढं मांडलं. वैजीनाथ नुसता ‘दाजी, दाजी’ करत राहिला. जावयाला परक्यासमोर खोटं पाडू नको, असं त्याच्या आईनं, धुरपताबाईनं, निघताना बजावलं होतं. दाजींनी मग गळ्यातलं उपरणं पसरलं, दुकानदाराचा हात त्याखाली ओढला आणि बैलबाजारातल्या रिवाजाप्रमाणं बोटं दाबून भाव सांगायला लागले. दिनकररावांना ही भाषा येत नव्हती. हात सोडवून घेण्याच्या गडबडीत त्यांनी बरीच सूट दिली. हा विजय दाजी परतीच्या गाडीत परभणी येईपर्यंत सांगत होते.

सेलूला आपल्या दुकानात त्यानं मशीन जोडलं. नागनाथरावांच्या लेकीचं नाव पडद्यावर आलं ते करडं, आणि अर्ध्या गिरकीत असं अडकलं की बोहल्यावर चढायलाच ती तयार नसावी. वैजीनाथच्या डोक्यात जाळ झाला. मशीन बदलून आणायला तसाच नांदेडला परत जाणार होता, तर विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद, सगळ्या गाड्या डेपोत. निदान नागनाथरावांना खरं सांगून चार दिवस मागून घ्यावेत म्हणून तो स्कूटर काढून वालूरला गेला.

नागनाथरावांनी बसवलं, सुपारी पुढं केली. “कामून तकलीफ घेतली? जिंतूरवाल्याला इसार दिला की आमी.”

मग खुलासा झाला. इथल्याच बाजारात दत्तराव भेटले होते. मेहुण्यानं आडतीच्या हिशोबाचं मशीन घेतलं म्हणाले.

“आमाला वाटलं, तुमी शूटिंग सोडली,” नागनाथराव म्हणाले. “मुनीम घेऊन लग्नात काय करावं?”

स्कूटर तिथून थेट पेडगावला. दाजी ओट्यावर बसले होते. त्यांना खंत नव्हती. बाजारात त्या नांदेडच्या दुकानदाराचा माणूस असला तर? भाव पचेस्तवर खरं बोलायचं नसतं, असं त्यांनी लेकराला समजवावं तसं समजावलं.

“बैल घेताना तुमी कायबी सांगा दाजी, बैल नांगरच वढतो,” वैजीनाथ म्हणाला. “हे मशीन ज्या कामाचं मागितलं त्या कामाचं भेटतंय. तुमी हिशोबाचं मागितलं, त्यानं हिशोबाचं दिलं. मंग लबाड कोन?”

“आवाज खाली घे. शेजारी ऐकायलेत.”

“ऐकू द्या. मला फोर एटी सिक्स पायजे. रंगीत पायजे. लग्नाची नावं फिरवायला पायजे. आनि लय गरज हाय मला.”

त्या ओट्यावरून एवढं उघडं बोलणं पेडगावानं कधी ऐकलं नव्हतं. चहा घेऊन आलेली सुमनबाई दारातच थबकली. बहिणीच्या घरून चहा न घेता वैजीनाथ पहिल्यांदाच उठला.

बंद उठला तशी नांदेडची पहिली गाडी त्यानं धरली, एकट्यानं, मशीन मांडीवर घेऊन. वालूरचं लग्न जिंतूरवाल्यानंच काढलं. नावं फिरली म्हणतात. वैजीनाथनं ती कॅसेट बघितली नाही.