ढगांची आतली बातमी

ढगांवर संशोधन करते असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, उद्या पाऊस आहे का? लग्नात विचारतात, सांगलीच्या स्टँडवर विचारतात. एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात हत्यार असताना विचारलं. उद्याचं मला माहीत नसतं. मी ज्या ढगांचा अभ्यास करते ते अजून तीस-चाळीस वर्षांनी यायचे आहेत, आणि तोवर जग किती तापलेलं असेल याचा अंदाज बांधण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. मग उपयोग काय, असं तो तोंडानं म्हणत नाही, पण त्याच्या मनात ते येतं. हल्ली माझ्याही मनात येतं.

पावसाळ्याचे महिने मी महाबळेश्वरच्या डोंगरावर काढते. तिथं ढग पाहायला मान वर करावी लागत नाही. ते खिडकीतून आत येतात आणि अंथरूण ओलं करून जातात. गच्चीवर आमचं एक यंत्र असतं, ते ढग आत ओढून घेतं आणि त्यातले थेंब केवढे, किती, ते मोजतं. कपड्यांना बुरशी, चपलांना बुरशी, साखरेचं पाणी. खाली रस्त्यावर पर्यटक कणसं खात भिजत असतात आणि काय मस्त हवा आहे म्हणतात, तेव्हा मला त्यांचा उगीचच राग येतो.

खालचे जाड पांढरे ढग ऊन आल्या पावली परत पाठवतात, म्हणून त्यांचा आपल्याला आधार आहे. वरचे विरळ ढग जमिनीची ऊब कोंडून धरतात. जग तापेल तसे हे खालचे ढग टिकतील की विरत जातील, यावर पुढचं बरंच काही अवलंबून आहे. वर्षं जातात तसं उत्तर वाईटाकडेच झुकताना दिसतं, पण किती वाईट, यावर बोट ठेवता येत नाही. आमच्या संगणकातल्या पृथ्वीचा एकेक चौकोन तालुक्याएवढा आणि ढग एखाद्या शिवारापेक्षाही लहान. तो त्या चौकोनात सापडतच नाही. बैठकांमधून आम्ही यावर भांडतो, चहा पितो आणि परत भांडतो.

माझं माहेर तासगावच्या पुढं, घाटावरचा पाऊस जिथं पोचेपर्यंत थकलेला असतो तिथं. तिथं द्राक्षबागा आहेत आणि पावसाळा सरल्यावर आलेला ढग म्हणजे तिथं दुश्मन. पावसाळ्याच्या शेवटी बागेची छाटणी करतात. छाटणी झाली की महिना-सव्वा महिन्यानं फुलोरा येतो, आणि नेमकं तेव्हा आभाळ आलं की दावण्या, म्हणजे बुरशीचा रोग, पडतो, घड कुजतात. लवकर छाटली तर माल आधी बाजारात जातो आणि भाव चांगला मिळतो, पण पाऊस रेंगाळला तर सगळंच हातचं जातं. छाटणी कधी धरायची, एवढ्या एका गोष्टीवर घराचं वर्ष तोललेलं असतं.

आमची बाग अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लष्करातून परत आल्यावर लावली. ते सिग्नलमध्ये, म्हणजे निरोप पोचवणाऱ्या तुकडीत, होते. बाग आता माझा धाकटा भाऊ बघतो, म्हणजे राबतो तो आणि हुकूम अण्णांचा. आभाळ आलं की दिवसातून दोनदा औषध मारावं लागतं. त्या औषधानं भावाच्या हाताची सालटं निघतात आणि दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत तो खोकत असतो. दोन वर्षं सलग फुलोऱ्यात पाऊस झाला तेव्हा त्यानं अण्णांना स्पष्ट सांगितलं, "औंदा बी असंच झालं तर बाग काढायची आन् ऊस लावायचा. माज्यानं आता हुईत न्हाई." अण्णा नुसतं हूं म्हणाले. त्यांनी ती बाग पोटच्या पोरासारखी वाढवली, असं म्हणायची आमच्यात पद्धत आहे. खरं तर आम्हा पोरांना त्यांनी इतकं जपलं नव्हतं. नोकरीच्या वर्षांत ते घरी होतेच कुठं.

त्या काळात अण्णांची बदली कुठं झाली हे आमच्या घरात कुणी विचारत नसे. ते सांगत नसत, आणि विचारणं बरं दिसत नाही असं आईनं आम्हाला शिकवलं होतं. पण रजा संपून ते ट्रंक भरायला बसले की आई चुलीपाशी बसून नजर ठेवायची. लोकरीचे मोजे आत गेले की तिला कळायचं, बर्फात चाललेत. मच्छरदाणी गेली की पूर्वेकडं. अण्णांनाही ठाऊक असायचं की ती बघते आहे, म्हणून मोजे ते जरा सावकाशच ठेवत. न बोलता सांगायची ही रीत दोघांनी आयुष्यभर पाळली.

यंदा गणपतीच्या आधी मी घरी फोन केला. अण्णांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "आभाळ काय म्हनतंय तुमचं?" मी म्हटलं, "काय न्हाई, बसलंय की डोक्यावर." मग इकडचं-तिकडचं बोलता बोलता सांगितलं, की यंत्र या साली लवकर उतरवतोय, मी लगेच पुण्याला जाईन, दिवाळीला घरी येते. ते म्हणाले, "बरं. कळलं." मी फोन ठेवला आणि विसरले.

दिवाळीला कराडहून गाडी पुढं निघाली तेव्हाच आभाळ उतरलेलं होतं. तासगावच्या पुढं तर सकाळी अकराला दिवे लावून ट्रॅक्टर चाललेले. आठ दिवस तेच चालू आहे, असं शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या. घरी पोचले तर पणत्या पडवीत तशाच ठेवलेल्या आणि घरातलं सगळं माणूस रानात. मी तशीच बागेकडं गेले. मांडवाखाली वाकून पाहिलं, तर घड काळपट पडलेले, हात लावला की मणी गळून पडत होते. सगळ्या बागेला एक कुबट वास येत होता.

आजूबाजूच्या बागा अजून नुसत्या फुटत होत्या. त्यांनी थांबून छाटणी केली होती. मी अण्णांना विचारलं, "अण्णा, एवढ्या लवकर का धरली?"

"तूच सांगितलंस की," ते म्हणाले.

"मी? कवा?"

"फोनवर. यंत्र उतरवतोय म्हनलीस न्हवं. ढग सरल्याबिगर तुमी यंत्र उतरवताय व्हय? म्हनलं, पोरीला उघड बोलता येत न्हाई, पर सांगितलं तिनं."

मला आधी हसूच आलं. मोबाइलवर हवामानाची सगळी ॲपं भावानं घालून दिली होती, ती अण्णा बघत नसत. ते सगळं लोकांसाठी असतं, खरी बातमी कुणी अशी वाटत नाही, हे त्यांचं सिग्नलमधलं ज्ञान. खरी बातमी माझ्याकडं आहे, पण मी सरकारी माणूस, तोंड उघडू शकत नाही, असं ते इतकी वर्षं धरून चालले होते. माझं घरी येणं, न येणं, स्वेटर मागवणं, सगळं त्यांनी तपासून घेतलं होतं. योगायोगानं कधी जमलंही असेल. माझं हसू लगेच विरलं.

"अण्णा, यंत्र बिघडलं होतं. दुरुस्तीला पाठवलं म्हणून उतरवलं."

शेजारच्या ओळीतून भाऊ आला, तोंडावरचं फडकं गळ्यात ओढलेलं, डोळे लाल. तोही ऐकत उभा राहिला.

"म्हंजे तुला ठावं नव्हतं?" अण्णांनी विचारलं.

"न्हाई."

"आन् तुज्या वरच्या सायबाला?"

"त्यांना पण न्हाई, अण्णा. एवढ्या आधी असं कुणालाच सांगता येत न्हाई. आणि आता तर पहिल्यापेक्षा अवघड झालंय. हवा तापली, तिच्यात पाणी जास्त मावतंय, पावसाचं जुनं वेळापत्रक राहिलं न्हाई."

"दिल्लीला?"

"न्हाई."

"परदेशातल्या लोकांस्नी?"

"त्यांना बी न्हाई."

एकेक पायरी चढत ते वर गेले आणि प्रत्येक पायरीवर मी नाही म्हटलं. त्यांच्या लष्करात खालच्या शिपायाला काही माहीत नसतं, पण वर कुणाला तरी माहीत असतंच, आणि त्या भरवशावर शिपाई बर्फात उभा राहतो. मला हे तेव्हा कळत होतं आणि तरी खोटं बोलवेना. एखादं खोटं बोलले असते तर बरं झालं असतं का, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

अण्णा मांडवाच्या दगडी खांबाला टेकून खाली बसले. म्हणाले, "तू लपवतीयास असं वाटायचं तवर बरं हुतं बघ."

पुन्हा भुरभुर सुरू झाली. मग अण्णा हात टेकून उठले आणि भावाला म्हणाले, "ट्रॅक्टरवाल्याला सांगून ये. दिवाळी झाली की तारा उतरवू, खांब काढू. लाव तुजा ऊस."

दोन वर्षं हेच मागत असलेला माझा भाऊ खोकत खोकत त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला. "आवं अण्णा, एवढ्यात नगं. आनखी एक साल बघू की."

"कुनाच्या भरवशावर?" अण्णांनी विचारलं. माझ्याकडं न बघता विचारलं.